दुकान दुपारी बंद राहील

सव्वीस वर्षं झाली, साकोलीच्या रस्त्याला
मी टपात ट्यूब बुडवतो आणि बुडबुडे शोधतो.
दिसला की बोट ठेवायचं,
खूण करायची, घासायचं, सोल्युशन लावायचं.
बुडबुडा म्हणजे नुकसान.
पाण्याबद्दल मला एवढंच माहीत होतं.

मग फेब्रुवारीत तारकर्ली.
पतसंस्थेची सहल, माणशी साडेचार हजार.
माझ्या पोराहून लहान पोरानं
माझ्या पाठीवर टाकी बांधली.
मी आधी काटा पाहिला. दोनशे बार.
ट्रकच्या चाकात शंभर पौंड भरताना मी बाजूला उभा राहतो,
रिंग उडून काय होतं ते पाहिलंय;
इथं तीन हजार पौंड पाठीवर घेऊन
पंचफुलाच्या मोबाइलकडे बघून हसायचं होतं.

"काका, नियम एकच. श्वास रोखायचा नाही."

खाली गेलो. कान ठणकले. नाक दाबून फुंकलं,
डोक्यात कुठंतरी व्हॉल्व्हची पिन सुटली.
आणि निघाले ते माझ्याच तोंडातून,
ढिगानं, पाऱ्यासारखे, वर जायची घाई असलेले.
बोट कुठं ठेवावं कळेना.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणते पंचफुला.
खरं असेल.
नागपूरहून मास्क मागवला, बदकाचे पाय मागवले,
कमरेला वजन म्हणून ट्रॅक्टरचे जुने नट ओवले.
रात्री बादलीत तोंड घालून
हळू श्वास सोडायचा सराव करतो,
म्हैस बघत राहते.
पुऱ्या कोर्सला अठ्ठावीस हजार लागतात.
बिस्किटाच्या डब्यात सहा हजार सातशे जमले.

समुद्र लांब. गावाला मामा तलाव आहे.
दुपारी पारीवरून उतरतो, शिंगाड्याच्या वेली बाजूला सारतो,
आत सगळं हिरवं, वीतभर दिसतं,
एखादी मरळ तोंडासमोरून वळते
आणि मागं नुसता गाळ ठेवून जाते.
वर पोट्टे मोजतात, शिट्ट्या मारतात.

दसरू वलथरे जाळं आवरत म्हणाला,
"काहून गा नीळकंठ, लगनाले चालला का?"

दसरू मासे धरतो. विहिरीत पडलेलंही काढतो:
बादली, फुटव्हॉल्व्ह, एकदा कुणाच्या सासूची पाटली.
कधी माणूस.
त्याबद्दल तो बोलत नाही.
"दम सोडला का गेला," एवढंच त्याचं शास्त्र.
मी त्याला समुद्रातला नियम सांगितला.
वाटलं, हसेल.
तो म्हणाला, "तुह्यापाशी टाकी हाय."

चाळीस वर्षं तो डोळे मिटून बुडतो.
गाळात उघडून करायचं काय?
लोखंड हाताला थंड लागतं, शिंपला खरखरीत,
कापड कसं लागतं ते मी विचारलं नाही.

परवा मी मास्क त्याला दिला.
काचेला आतून थुंकी चोळायची असते,
ते त्याला एकदम पटलं.
तुडुमाजवळ पाणी जरा निवळ असतं, तिथं गेला.
मी पारीवर बसून मोजू लागलो.
नव्वद. एकशे दहा.
पाणी टपातल्यासारखं सपाट.
एकशे तीस.
एकही बुडबुडा नाही.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला तो हवा होता.

आला. धापही नाही फारशी.
मास्क कपाळावर ढकलून काठाला बसून राहिला.
काय दिसलं, मी विचारलं. दोनदा.
"हात," तो म्हणाला.
"माहे हात दिसले गा."
मग ते उन्हात धरून पाहू लागला,
पुढून, मागून,
उधारीवर आणलेल्या वस्तूसारखे.

आता दुकानावर पाटी आहे. दोन ते चार बंद.
ट्रकवाले हॉर्न वाजवतात, शिव्या देतात,
टपातलं पाणी एकटंच तापतं.
मास्क एकच, आळीपाळीनं.

काल हिशोब करायला डबा उघडला
तर वर पन्नासची एक नोट होती,
ओली.
मी ती काढून वाळवली
आणि परत ठेवली.